टोकाचा प्रश्न

शिकारीच्या बाणाला कोणतं टोक लावायचं? परदेशातले धनुष्यवाले शिकारी या एका प्रश्नावर तासन् तास वाद घालू शकतात. आपल्या शिरूर-दौंडच्या मातीत मात्र या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं, की भलतंच काही हाती लागतं...

वजन १०० ग्रेन. आपल्या हिशेबात साधारण साडेसहा ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षाही हलकं. मधोमध स्टीलचं अणकुचीदार टोक, बाजूनं तीन पाती आणि धार अशी, की हातावरचे केस सहज निघावेत. दिसायला एकदम सॉल्लिड! याचं नाव ब्रॉडहेड. शिकारीच्या बाणाचं टोक.

आमच्या ग्रुपमधला एक आयटीवाला वर्षभर वीकेंडला आर्चरी शिकतोय. आधी क्लबचं धनुष्य होतं, मग स्वतःचं कंपाउंड बो आलं आणि आता साहेबांचा डोळा ब्रॉडहेडवर आहे. कारण? मामाचा दौंड तालुक्यात ऊस आहे आणि उसात रानडुकरं धुमाकूळ घालतात.

‘एक वीकेंड, एक बाण, काम तमाम,’ तो कॉफीचा मग टेबलावर ठेवत म्हणाला. ‘आणि यार, बंदुकीपेक्षा ह्युमेन पण आहे.’

माझं डोकं त्या एका शब्दावर अडकलं. ह्युमेन. म्हणजे जनावराला कमीत कमी यातना. साडेसहा ग्रॅमच्या पोलादात ही माणुसकी नेमकी कुठे असते, हे बघायचंच असं ठरवलं.

बाण मारतो कसा?

पहिला फंडा क्लिअर करू. बाण हा गोळीसारखा मारत नाही. गोळीचा वेग प्रचंड, त्यामुळे तिच्या धक्क्यानं आजूबाजूचं मांसही फाटतं. बाणाचा वेग त्या मानानं कमी. आजकालच्या चांगल्या कंपाउंड बोमधून सुटलेला बाण सेकंदाला ८० ते ९० मीटर जातो. त्याच्यात धक्का देण्याची ताकद नसते. तो फक्त कापतो. हृदय, फुप्फुसं किंवा त्यांच्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या, तर रक्तदाब झपाट्यानं कोसळतो आणि जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपतं. त्या सोडून दुसरीकडे कुठेही लागला, तर मात्र सगळं गणित बिघडतं.

म्हणून धार. पिकलेला टोमॅटो बोथट सुरीनं कापून बघा. साल आत दबते, टोमॅटो चेपतो आणि मग कुठे फाटतो. शरीरातल्या रक्तवाहिन्याही तशाच, लवचिक आणि निसरड्या. बोथट पातं त्यांना बाजूला सारून पुढे जातं. ज्या फाटतात, त्यांच्या चिंध्या झालेल्या कडांवर रक्त लवकर गोठतं. दाढी करताना लागलेल्या ब्लेडचं रक्त थांबता थांबत नाही आणि खरचटलेल्या गुडघ्यावर मात्र लगेच खपली धरते, ना? अगदी तेच. शिकाऱ्याच्या दृष्टीनं बोथट ब्रॉडहेड म्हणजे जखमी होऊन पळालेलं जनावर. म्हणूनच जाणकार शिकारी एकदा वापरलेलं पातं बदलल्याशिवाय किंवा पुन्हा धार लावल्याशिवाय बाणाला लावत नाहीत.

त्यानंतर प्रकार. ढोबळमानानं दोन. एक ‘फिक्स्ड’, म्हणजे पाती कायम उघडी. हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे ऐन वेळी दगा नाही. हाडाला लागलं तरी टिकायची शक्यता जास्त. पण उघडी पाती वाऱ्यात छोट्या पंखांसारखी वागतात. धनुष्याची जुळणी जरा चुकली, की बाण भरकटतो. दुसरं ‘मेकॅनिकल’. उडताना पाती मिटलेली, अंगात शिरताना उघडणारी. उडतं सरळ, जखम रुंद करतं, कधी कधी दोन इंचांपर्यंत. पण पाती उघडायला लागणारी ताकद बाणाच्याच खात्यातून जाते, म्हणजे आत शिरायला तेवढी कमी उरते. तिरकं लागलं तर घसरूही शकतं. कमी ताणाच्या धनुष्याला हे टोक लावणं म्हणजे आठशेच्या गाडीत चौघांना बसवून, एसी लावून वरंधा घाट चढण्यासारखं!

जिथे अशा शिकारीला परवानगी आहे, तिथेही हे सगळं शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असावी लागते. धनुष्याचा किमान ताणही ठरलेला असतो. अनेक ठिकाणी उलट्या काट्यांच्या टोकांना बंदी आहे, कारण असा बाण रुतून बसतो आणि जनावर तो घेऊन फिरत राहतं. फ्रान्स आणि डेन्मार्कमध्ये आधी खास प्रशिक्षण किंवा परीक्षा, मगच धनुष्य. ब्रिटननं तर १९८१ च्या कायद्यानं वन्य प्राण्यावर बाण चालवायलाच बंदी घातली.

थोडक्यात, टोकाची निवड हा शॉपिंगचा विषय नाही. बाण सुटल्यानंतर जे काही होईल, त्याची जबाबदारी आधीच घेण्याचा तो विषय आहे.

घोडकाठची पाती

हा प्रश्न शिरूरला नवा नाही, हे कळलं तेव्हा मीच उडाले. पुण्याहून नगर रोड पकडून शिरूर गाठायचं. शिरूरला घोडनदी का म्हणतात, ते पूल ओलांडताना कळतंच. याच नदीच्या काठावर, तालुक्याच्या पूर्व भागात इनामगाव आहे. पाटी बघून ‘अजून एक गाव’ म्हणून आपण गाडी पुढे काढू. पण डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून पुढे तब्बल दीड दशक इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव या मातीतून वर आलं. घरं, चुली, धान्याची पेवं, घरातच पुरलेले मृतांचे रांजण, सगळं.

ही माणसं सातू पिकवत, गुरं-शेळ्या पाळत, मासे धरत आणि हरणांची शिकारही करत. तांबं त्यांना माहीत होतं, पण ते दुर्मीळ. रोजच्या कामाला गारगोटीच्या जातीतल्या कॅल्सेडनी दगडाची चिमुकली पाती. नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी. यातली बरीचशी कापणी-सोलणीची. पण अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत राळेनं ओळीनं बसवायची आणि त्यांचं हत्यार करायचं, ही युक्ती अश्मयुगापासूनची. चंद्रकोरीच्या, त्रिकोणाच्या आकाराचे तुकडे जगभरात बाणांनाही बसवले गेले. एक पातं तुटलं, की तेवढंच काढायचं आणि नवं बसवायचं. आज ‘रिप्लेसेबल ब्लेड’ म्हणून चकाचक पॅकमध्ये जे मिळतं, त्याचा आजा-पणजाच म्हणा ना!

दगडाची धार कमी असेल असं वाटतं? उलट. ताज्या फोडलेल्या दगडाची किंवा काचेची कड पोलादाला लाजवेल इतकी पातळ असते. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, १९११ मध्ये जगासमोर आला. तो बाटल्यांच्या काचेतूनसुद्धा देखणी बाणटोकं घडवायचा. त्याच्याकडून धनुष्यविद्या शिकलेल्या सॅक्स्टन पोप या डॉक्टरनं १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि तिथूनच अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीची हौस नव्यानं रुजली.

फरक लक्षात घ्या. पोपची ती हौस होती. इनामगावकरांचं ते जेवण होतं. ख्रिस्तपूर्व १००० नंतर हवामान कोरडं होत गेलं, शेती आटली आणि ही माणसं गुरं आणि शिकारीवर जास्त विसंबली, असं ढवळीकरांनी मांडलंय. चुकलेला बाण म्हणजे घरात उपाशी पोरं. त्या माणसाला चांगलं टोक निवडण्यासाठी वेगळी नीतिमत्ता शिकवावी लागली नसेल. आपल्याला, पोट भरलेल्यांना, ती शिकावी लागते.

पाव सेकंदाचा खेळ

शिरूरहून दक्षिणेला भीमा ओलांडली, की दौंड. ऊस, रेल्वे जंक्शन आणि उसापलीकडे कोरडा माळ. दौंड, बारामती, इंदापूरच्या या माळरानांवर चिंकारा आहेत, लांडगे आहेत, खोकड आहेत. चौफुल्यावरून आत वळलं, की सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं. क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा गवतात चिंकारा उभा दिसला, की बाइक आपोआप बंद होते.

आता हिशेब करू. समजा, ३० मीटरवर चिंकारा आहे आणि कुणीतरी बाण सोडला. बाणाला पोहोचायला साधारण ०.३५ सेकंद. पण प्रत्यंचेचा ‘टप्प’ आवाज सेकंदाला ३४० मीटरनं धावतो. तो ०.०९ सेकंदात कानावर. म्हणजे बाण पोहोचायच्या आधी त्या जनावराकडे पाव सेकंद शिल्लक! सतत लांडग्याच्या भीतीत जगणाऱ्या जिवाला तेवढा पुरतो. ते उसळी घ्यायला खाली दबतं, अर्धं वळतं आणि फुप्फुसांवर धरलेला नेम पोटात जातो. पोटात लागलेलं जनावर काही सेकंदांत मरत नाही. तासन् तास लागतात. अशा वेळी सहा-सहा तास थांबूनच माग काढा, असं शिकारीच्या शाळांत शिकवतात. त्या सहा तासांत त्या जिवाचं काय होत असेल, याचा हिशेब कोणत्याही पॅकेटवर छापलेला नसतो.

‘पण मी तर रानडुक्कर म्हणतोय,’ इति मित्र. ओके. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट, जाड कातडीची ढालच असते. त्याचं हृदय आणि फुप्फुसं आपल्या अंदाजापेक्षा खाली आणि पुढे. शिवाय ते येणार रात्री. उसात. पाच फुटांपलीकडचं दिसत नाही, तिथे कोन कसला धरणार? आणि जखमी डुकराचा माग उसाच्या सरीतून काढायचा, तोही हातात टॉर्च घेऊन!

त्याच्या मामांना फोनवर हा बेत सांगितला, तेव्हा ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, ‘अगं पोरी, जखमी डुक्कर उसात घुसलं, तर सकाळी ऊस तोडायला जाणार कोण? तुमी की आमच्या बाया?’

ह्युमेनचा हा दुसरा अर्थ आमच्या कॉफीच्या टेबलावर कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. टोक चुकलं, तर यातना फक्त जनावराला होत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

सरळ सांगते, बॉस. भारतात हौसेची शिकार बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, जखमी करणं आणि मारायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. ‘लागला नाही ना, मग काय झालं?’ हा डायलॉग तिथे चालत नाही. आणि ‘हत्यारा’च्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव चक्क लिहिलेलं आहे. चिंकारा आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं तुरुंगवास आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५ हजार रुपये दंड. वापरलेलं हत्यार आणि गाडी सरकारजमा होते, ते वेगळंच. ईएमआय चालू असलेली एसयूव्ही डोळ्यांसमोर आणा!

रानडुकरांनी पिकाचा सत्यानाश केला, तर शेतकऱ्याला वनविभागाकडे रीतसर अर्ज करता येतो आणि नुकसानभरपाईही मागता येते. त्याचं दुःख खरं आहे. रात्ररात्र राखण करून डोळे सुजलेले असतात त्याचे. पण त्याच्यासाठी असलेली परवानगी ही वीकेंडला आलेल्या भाच्याची तिकीटखिडकी नाही.

जिथे टोक म्हणजे सुई

मग आज शिरूरमध्ये कायद्यानं, अगदी परवानगी घेऊन, जंगली जनावरावर काही नेम धरून सोडलं जातं का? हो. डार्ट.

जुन्नर वनविभागात शिरूर तालुका येतो. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यानं ऊस वाढला आणि उसात बिबट्या वाढला. तो विहिरीत पडला, घरात शिरला, माणसावर चालून येऊ लागला, की वनविभागाची टीम येते. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून सुटते आणि मांसात शिरताच औषध आत ढकलते. बिबट्यासाठी बहुतेक वेळा केटामिन आणि झायलाझिनचं मिश्रण.

आणि गंमत बघा, इथेही सगळा प्रश्न टोकाचाच! सुई किती लांब? आखूड असली तर औषध कातडीखालीच राहतं, लांब असली तर हाडाला लागते. साधी सुई गळून पडते, कॉलरवाली रुतून राहते, पण मग ती नंतर काढावी लागते. हवेचा दाब किती? जास्त झाला तर हाड मोडेल, कमी झाला तर डार्ट पोहोचणारच नाही. नेम कुठे? मांडीच्या किंवा खांद्याच्या भरदार स्नायूवर. छाती, पोट, डोकं सोडून. ब्रॉडहेडचा नेम जिथे, नेमकी तीच जागा इथे टाळायची. आणि औषधाचा डोस ठरवायचा वजनाच्या अंदाजानं, अंधारात, शंभर माणसांच्या गर्दीचा आरडाओरडा चालू असताना. त्यानंतर पाच ते पंधरा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात बिबट्या उसात गेला, की संपलं.

हे सगळं नीट जमलं, तर बिबट्या पिंजऱ्यात जागा होतो. नेहमी जमतंच असं नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात जेमतेम तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यात दोन लहान मुलं. गाव पेटून उठलं, रस्ते अडवले गेले. कायदा सांगतो, की जनावर पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षकांनी मारायची परवानगी द्यावी. तशी परवानगी आली. ४ नोव्हेंबरच्या रात्री बिबट्या दिसला. आधी डार्ट मारला. तो चुकला. बिबट्या टीमवर चालून आला आणि शार्पशूटर्सनी गोळ्या झाडल्या.

त्या रात्रीबद्दल पुण्यात बसून ‘बिचारा बिबट्या’ किंवा ‘बरं झालं मारला’ असं स्टेटस टाकणं सोपं आहे. पण क्रम बघा. आधी सुई, मग गोळी. मुलं गमावलेल्या गावाच्या मधोमध, रागाच्या भरात, जिवाच्या भीतीत, तरीही आधी सुई. मला विचाराल तर ‘ह्युमेन’चा आज मला माहीत असलेला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरा अर्थ हा आहे. तो कोणत्याही टोकात बसवून मिळत नाही. मारायची मोकळीक समोर असताना आधी दुसरं काहीतरी करून बघायचं, यात तो आहे. मित्राच्या बेतात नेमकी हीच पायरी गायब होती. तिथे थेट ब्रॉडहेड.

मग धनुष्याचं करायचं काय?

चालवायचं! आर्चरी हा भन्नाट खेळ आहे आणि महाराष्ट्र त्यात जोरात आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी कंपाउंडची विश्वविजेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा असणार आहे. तिथे ५० मीटरवरून ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात बाण बसवायचा असतो. थ्रिल हवं असेल, तर एवढं पुरेसं आहे.

त्या बाणांना असतं साधं गोल टोक. कागद आणि फोमसाठी. चुकलं तर मार्क जातात, बाकी कुणाचं काही जात नाही.

चौकट : बाणवाल्यांसाठी वीकेंड प्लॅन

• धनुष्य क्लबच्या रेंजवरच वापरा. शेतात, टेकडीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको. बाण कुठे थांबेल ते माहीत नसेल, तर सोडू नका.

• सरावाला फील्ड पॉइंट किंवा टार्गेट पॉइंट वापरा. ब्रॉडहेड फोमचं टार्गेट फाडतं आणि हाताळताना बोटंही.

• इनामगावातल्या वस्तू बघायच्या असतील, तर येरवड्याचं डेक्कन कॉलेज गाठा. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात त्या आहेत. जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

• माळरान बघायचंय? वनविभागाची ग्रासलँड सफारी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला आहे. पहाटे जा, दुर्बीण न्या, गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा.

• शेतात जखमी किंवा फासात अडकलेलं जनावर दिसलं, तर जवळ जाऊ नका, व्हिडिओ काढत बसू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.